भट्टीची धग

"शुक्रजंतू आहेत, पण त्यांना धड पळता येत नाही. डॉक्टर म्हणतात, भट्टीची धग टाळा. मला काउंटरवर घ्या," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

बेकरीचे मालक पोट धरून हसले. "अरे, मी वीस वर्षं याच भट्टीपुढे पाव भाजले. मला काय झालं? बायकोला तपासून आण."

माझं डोकंच फिरलं. "ती ठणठणीत आहे! आणि दोन लग्नं करून तुमच्या घरी तरी कुठे पाळणा हलला?"

मालकांचं हसू मावळलं. त्यांनी माझा रिपोर्ट मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला.

"उद्यापासून काउंटरवर बस," ते म्हणाले. मग भट्टीकडे बघत त्यांनी मलाच विचारलं, "म्हणजे पहिलीला मी उगाच हाकललं?"