यादीतलं शेंडेफळ

ताईने वायफायचा पासवर्ड बदलला आणि आई मटकन खुर्चीत बसली.

“अगं, काय केलंस हे! आता त्याचा फोन कसा जोडला जाणार?”

“नाहीच जोडला जाणार,” ताई म्हणाली. “म्हणूनच बदलला.”

शेजाऱ्यांनी विचारलंच तर सांगायला कारण तयार होतं, आणि तेही काही खोटं नव्हतं. ताई घरातूनच मुलांना गणित शिकवायची. समोरचा व्यायामवाला आणि वरचे निवृत्त काका ताईच्याच नेटवर दिवसभर सिनेमे बघायचे, आणि इकडे पडद्यावरची पोरं तोंडं उघडी ठेवून थिजायची. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

खरं कारण वेगळंच होतं. धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. “पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस,” बाबा म्हणाले. तोही बापाचाच मुलगा. “नाही टाकत,” म्हणून जो गेला, तो गेला. नंबर बंद, पत्ता नाही. आई वर्षभर नुसती झिजत राहिली.

मग एकदा बाबा छापखान्याच्या कामासाठी परगावी जाऊन आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. घरच्या नेटला कोण कोण चिकटलंय ते ताई मोबाइलवर बघत होती. यादीत अचानक एक नाव उगवलं: ‘शेंडेफळ’. आपल्या फोनला हे नाव त्यानेच दिलं होतं. नाव द्यायची हौस दांडगी, कुलूप लावायचा मात्र कंटाळा. “आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” म्हणायचा.

फोन त्याचाच, आणि जुना पासवर्ड त्या फोनला पाठ. म्हणजे पोरगं इथेच कुठेतरी, जिन्यात नाहीतर फाटकाशी उभं होतं! आई अनवाणी खाली धावली. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. बाबा तेवढे कामावरून परत येत होते, हातात डब्याची पिशवी.

“तुम्हाला बघून पळाला तो!”

“पळू दे,” बाबा म्हणाले. दारात बूट काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की आई हातातलं काम टाकून फोन घेऊन बसायची. नाव उगवायचं, थोडा वेळ थांबायचं, नाहीसं व्हायचं. “आला गं बाई,” ती पुटपुटायची आणि मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा. हळूहळू ती पोटभर जेवायला लागली. निळी लोकर आणून तिने त्याच्या मापाचा स्वेटर विणायला घेतला. खाली धावणं मात्र तिने सोडून दिलं. “उगीच बुजायचा. येतोय ना, येऊ दे.”

मध्यंतरी बाबा तापाने घरीच पडून होते. तितके दिवस नाव एकदाही आलं नाही.

“तुम्ही घरात असलात की माझं लेकरू फिरकत नाही,” आई त्यांना म्हणाली. काळजाला घरं पाडणारं बोलणं ते. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

ताईला मात्र भावाचं हे असं दारापर्यंत येऊन परत जाणं सोसेना. “नेट मिळालं नाही की येईल वर,” ती आईला समजावत होती. “दार वाजवेल.”

“आणि नाही वाजवलं तर? त्याला वाटेल, आईनेसुद्धा दार लावून घेतलं.”

आई रडायला लागली. पण ताई हटली नाही. नवा पासवर्ड तिने स्वतःच आईच्या फोनमध्ये घातला आणि बाबांना कळवला. बस्स, आणखी कोणालाही नाही.

बाबांचा लगेच फोन आला. “कशाला बदललास?”

“बाबा, घराची धर्मशाळा झालीय, बदलून टाक, असं तुम्हीच म्हणत होतात ना?”

पलीकडे छापखान्याची खडखड चालू होती. ते म्हणाले, “आई काय करतेय?”

“रडतेय.”

“हं. पहिलं अक्षर मोठं की लहान?”

संध्याकाळी दोघी फोनवर डोळे लावून बसल्या. दार वाजलं नाही. रोजची वेळ टळून गेली. आईचा चेहरा उतरत चालला तसं ताईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. कुठून ही अवदसा आठवली मला!

तेवढ्यात यादी हलली. ‘शेंडेफळ’.

“आला! बघ, आला!” आई रडता रडता हसली. “घरचाच आहे तो, त्याला कोण अडवणार!”

ताईला हसू येईना. “आई, नवा पासवर्ड तू कळवलास त्याला?”

“कसा कळवू गं? नंबर आहे का माझ्याकडे?”

ताई उठली आणि जिना उतरू लागली.

पहिल्याच वळणावर बाबा पायरीवर बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात काच तडकलेला फोन.

“केवढा लांबलचक ठेवलास गं,” ते म्हणाले. “दोनदा चुकला.”

“बाबा... हा फोन तुमच्याकडे कसा? तो कुठाय?”

बाबांनी डब्याच्या पिशवीतून एक पारदर्शक पिशवी काढली. तिच्यावर कुठल्याशा परगावच्या हॉस्पिटलचा शिक्का होता. आत त्याचं घड्याळ होतं, पट्टा होता आणि ह्याच घराची किल्ली होती.

“एवढंच दिलं त्यांनी,” बाबा म्हणाले.

वरून आईची हाक आली. “दिसला का गं?”

ताईने कठडा घट्ट धरला.

“दिसला, आई,” ती म्हणाली. “आत्ताच कोपऱ्यावरून वळला.”