रूबेन आजोबांचं गाणं

इंग्लंडात सफोकच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पबात शुक्रवारी गाणी होतात. नियम एकच: ज्याचं गाणं त्यानंच म्हणायचं. बुडालेल्या कोळ्याचं गाणं रूबेन आजोबांचं. वडिलांकडून आलेलं, आणि त्यांना येतं तेवढं एकच. ते दवाखान्यात होते तेव्हा पबात ते कुणी गुणगुणलंसुद्धा नाही.

गावातली इमोजेन लंडनहून संगीत शिकून आली आणि तिनं त्या गाण्यासाठी रीतसर परवानगी मागितली. "आजोबा, जरा ड्रम घालते, बास गिटार घालते. नाहीतर तुमच्या मागे हे कोण ऐकणार?"

"माझ्यासमोर तरी कोण ऐकतंय?" आजोबा बिअरचा फेस पुसत हसले. "घे पोरी. फक्त शेवटचं कडवं गाळू नकोस. त्यात त्या कोळ्याची आई दार उघडं ठेवते."

कडवं फार रडकं वाटलं म्हणून तिनं तेवढंच गाळलं. गाणं फोनाफोनांतून देशभर वाजलं. पबात बाहेरगावची तरुण मंडळी गर्दी करू लागली आणि आम्ही जुने लोकही कौतुकानं ताल धरू लागलो.

परवाच्या शुक्रवारी आजोबा काठी टेकत उठले, नेहमीसारखे डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. पबची मालकीण डॉट लगबगीनं आली आणि तिनं मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, दुसरं एखादं म्हणा ना. हे इमोजेनचं गाणं आहे, आणि आपल्याकडची पद्धत काय मी तुम्हाला सांगायची?"