पलंग घेऊन जा

पायाकडचा बोल्ट गंजला होता. पलंगवाल्याने पाना लावून अंगाचा सगळा भार टाकला, तरी तो जागचा हलेना. ज्या म्हाताऱ्यांनी दार उघडलं होतं, ते शेजारी स्टुलावर वाटी धरून बसले होते. निघालेले बोल्ट त्या वाटीत जात होते.

काल या घरातल्या सुनेचा फोन आला होता. "पलंग घेऊन जा, आता गरज नाही." एवढंच. सगळे एवढंच म्हणायचे. कोणी रडत, कोणी घाईत. सुरुवातीला तो पुढचं विचारायचा. मग ऐकलेलं सगळं घरी यायचं, ताटावर बसायचं, घास उतरायचा नाही. तेव्हापासून त्याने विचारणं सोडलं.

आजारी माणसांसाठी पलंग भाड्याने देणं हा त्याचा धंदा. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते, दोन्हीकडे कठडे, खाली चाकं. तो कामाला होता तो कारखाना बंद पडला, त्याच वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले. त्यांच्यासाठी घेतलेला पलंग त्यांच्यामागे रिकामा राहिला. तो आधी शेजाऱ्यांनी मागितला, मग त्यांच्या पाहुण्यांनी. "हाच धंदा करू या की," बायको म्हणाली. गाळा घेतला, आणखी पलंग आणले. उद्घाटनाला आलेल्यांची मात्र पंचाईत झाली. धंदा जोरात चालू दे, असं म्हणायचं तरी कसं? थोरले काका "तुझी भरभराट..." इथपर्यंत आले आणि सरबताकडे वळले. बोर्ड रंगवणाऱ्याने खाली "पुन्हा भेट द्या" लिहायला घेतलं होतं. त्याला वेळीच आवरलं.

नवउद्योजकांच्या शिबिरात एका साहेबांनी सांगितलं होतं, समाधानी गिऱ्हाईक हीच खरी जाहिरात. याचं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की मान वळवायचं. निदान त्याला तसं वाटायचं. मग एका मोठ्या कंपनीने ॲप काढलं. फोनवर बोट टेकवलं की दुसऱ्या दिवशी पलंग दारात, वर हवेची गादी फुकट. याच्याकडे फोन यायचे ते फक्त ज्यांना उद्यापर्यंत थांबता येत नव्हतं त्यांचे.

आज संध्याकाळी त्याच कंपनीचा माणूस गाळ्यावर येणार होता, सगळे पलंग उचलून न्यायला. बाहेर राहिलेला हा शेवटचा. बाकीचे पुसत बायको गाळ्यावर बसली होती. सौदा ठरला तेव्हा पलंगवाल्याला वाईट वाटलं नाही, हायसंही वाटलं नाही. बरेच दिवस त्याला काहीच वाटत नव्हतं. खोलीत शिरायचं, भिंतीवरच्या फोटोंकडे बघायचं नाही, गादी गुंडाळायची, पलंग सोडवायचा, निघायचं.

बोल्ट एकदाचा निघाला. म्हाताऱ्यांनी वाटी पुढे केली. हे पेशंटचे भाऊ असावेत, नाहीतर व्याही. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यासाठीची वाक्यं त्याच्या तोंडात तयारच असायची.

"फार वाईट झालं," पाना पिशवीत टाकत तो म्हणाला. "पण सुटले म्हणायचं."

"कोण?"

"पेशंट. जाताना फार त्रास नाही ना झाला त्यांना?"

म्हातारे त्याच्याकडे बघत राहिले. मग वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "अहो, पेशंट मीच. गेलो नाही अजून."

पलंगवाल्याने तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. मनगटं काडीसारखी. हातावर सुयांचे काळपट डाग. पलंग जोडून तो निघाला होता तेव्हा यांची ॲम्ब्युलन्स पोहोचायची होती. त्यांचा चेहरा त्याने आज पहिल्यांदाच बघितला.

"छातीत पाणी झालं होतं," म्हातारे म्हणाले. "सगळ्यांनी आशा सोडलेली. सूनबाई मात्र हटून बसली. चमच्याचमच्याने भरवलंन मला." त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकून झाल्यावर ते पुन्हा हसले. "आता ती आली की सांगतो तिला. माझ्यामागे लोक हळहळतात म्हणावं माझ्यासाठी."

माफ करा म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर हसूच आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण हसतोय की रडतोय ते त्याला कळेना. तो गॅलरीत गेला आणि बायकोला फोन लावला.

"तो कंपनीचा माणूस आला तर परत पाठव. पलंग द्यायचे नाहीत."

"अहो, झालं काय?"

"इथले पेशंट बरे झालेत. दार त्यांनीच उघडलं. माझ्याशेजारी बसून बोल्ट गोळा केले गं त्यांनी." त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "माणूस बरा झाला म्हणून पलंग परत येतोय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."



"पहिल्यांदा?" पलीकडून ती हळूच म्हणाली. "पुलापलीकडच्या बाई मागच्याच महिन्यात स्वतःच्या पायांनी गाळ्यावर आल्या होत्या, आभार मानायला. त्याआधी ते शिंपी येऊन गेले. अपघातातली ती मुलगीसुद्धा. दर वेळी तुम्ही घरी आलात की मी सांगत होते. तुम्ही नुसतं 'हं' म्हणायचात."