म्हशीचा गोल

क्रीडा खात्याच्या साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि बयाबाईला माफी मागायला सांगितलं.

कुणाची, असं बयाबाईनं विचारलं. दोन्ही तालमींची, साहेब म्हणाले, आणि ती पण आत्ता, ह्याच फोनवर, सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाईल अशी. इथनं पुढं सोमवारी तोंड उघडायचं नाही. नाहीतर अफवा पसरवली म्हणून कागद पोलिसांकडं जाणार.

बयाबाईनं तीस वर्षं तालमींच्या फुटबॉल मॅचला मैदानाच्या दारात फुटाणे विकले होते. दोन वर्षांमागं एका मॅचला दगडं पडली, साहेबांनी मैदानाला कुलूप घातलं आणि फुटाण्याची पाटी घरी आली. तरी दर रविवारी चारच्या ठोक्याला ती त्या दारापर्यंत जायची, कुलूप हलवून बघायची आणि परत फिरायची.

बाकीच्यांनी फोनवर परदेशी फुटबॉल धरला. आठवड्याचा सगळा खेळ दहा मिनिटांत दाखवणारे रग्गड सापडले. गोल झ्याक होते. पण तिथं कुणी कुणाच्या चुलत्याला ओळखत नव्हतं, मग त्यात चव कसली? शेवटी बयाबाईनं नातीला, ऐश्वर्याला, फोनचं बटण दाबून आवाज भरायला आणि गावभर पाठवायला लावलं आणि दर सोमवारी स्वतःच आरडाओरडा करत 'आठवड्याचा कालवा' सांगायला लागली. मैदान बंद, पण कालव्यात दर रविवारी मॅच व्हायची. कुणी कुणाची चड्डी ओढली, कुठला गोलकीपर वडा खात बसला, सगळं नावानिशी. खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी सोमवारी प्रत्येक चहाच्या गाड्यावर तेच वाजायचं.

गेल्या सोमवारी मात्र तिनं कहर केला. पिंपळकट्टा तालमीनं नारळीबाग तालमीला तीन-दोननं हरवलं, म्हणाली. शेवटच्या मिनिटाला पिंपळकट्ट्याचा फटका गोलपोस्टच्या वरनं जो उडाला तो थेट रंकाळा तलावात. तिथं एक म्हैस डुंबत होती. तिनं हेड मारला. चेंडू आला तसा परत गेला आणि सरळ जाळीत बसला.

मंगळवारी पिंपळकट्ट्यानं गुलाल उधळला. बुधवारी नारळीबागेनं शिक्का मारून लेखी तक्रार दिली, की सदर म्हैस खेळाडूंच्या यादीत नव्हती.

म्हणून आज दोन्ही तालमींचे अध्यक्ष साहेबांसमोर बसले होते. पिंपळकट्ट्याचे बाळासो आणि नारळीबागेचे विजयसिंह. दोघांची पोटं टेबलाला टेकलेली, तोंडं दोन भिंतींकडं.

साहेबांनी आवाज खाली आणला. मॅच झालीच नाही, एवढं चार शब्दांत बोला आणि सुटा, असं त्यांनी बयाबाईला समजावलं.

"मैदान बंद हाय सायेब, माझं तोंड न्हाय," बयाबाई म्हणाली.

मग साहेबांनी दुसरी वाट काढली. म्हातारीला राहू दे बाजूला. त्यांनी कागदावर 'सामना झालाच नाही' असं लिहिलं आणि अध्यक्षांपुढं सरकवलं. दोघांनी सही केली की विषय मिटला.

विजयसिंहांनी लगेच पेन उघडलं. बाळासो खुर्चीत मागं सरकले.

"जिकलेली मॅच झालीच न्हाय म्हणून सही करू व्हय? उद्या पेठंतनं जाऊ कसा?"

ते ऐकून विजयसिंहांचाही हात थांबला. एकट्यानं सही केली तर नारळीबाग म्हशीला भ्याली म्हणतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फेरसामना मागितला, म्हशीशिवाय. बाळासो म्हणाले, घ्या की, म्हशीला सुट्टी देऊन हरवतो.

जो एकदाही खेळला नाही तो सामना परत कसा खेळायचा, असं साहेबांनी विचारलं. दोघांनी त्यांच्याकडं, परगावचं पावणं चुकून आत आल्यासारखं बघितलं. खाली रस्त्यावर दोन्ही तालमींची माणसं जमली होती. साहेबांनी खिडकीतनं वाकून बघितलं. हातात दगड कुणाच्याच नव्हता. दोन्हीकडनं एकच मागणी येत होती, तारीख सांगा.

साहेबांनी तो कागद फाडला. दुसरा लिहिला, फेरसामन्याचा. एक जरी दगड पडला तरी दोन्ही तालमी बाद. आता सही करायला दोघांची झटापट झाली, पहिली कुणाची म्हणून. साहेबांनी ड्रॉवरमधनं मैदानाची किल्ली काढली. रविवार, चार वाजता.

अध्यक्ष भांडतच जिना उतरले. बयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. साहेबांना राहवेना. खोटंच सांगायचं होतं तर सरळ गोल सांगायचा, मधी म्हैस कशाला घातली, असं त्यांनी विचारलं.

बयाबाईनं पदर खोचला.

"सरळ गोलावर फेरसामना कोण मागतंय, सायेब?"