धरण परवानगी मागतं

धरणानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, "पायथ्याचा झिरपा गढूळ झालाय. पाणी सोडू?"

चौकीदार तुळशीराम घुगेनं पायथ्याच्या चरातलं पाणी काचेच्या ग्लासात धरलं. तळाला माती बसली. म्हणजे भराव आतून वाहून चालला होता.

गेल्या वर्षी अशाच शंकेनं धरणानं स्वतःच दार उघडलं आणि सगळ्यांचा हरभरा वाळला. तेव्हापासून त्याला शेतकऱ्यांचं बहुमत लागे. दार हातानं उघडायचं चाक तर हे बोलणारं यंत्र बसवतानाच काढलं होतं.

पाणी सोसायटीचे अध्यक्ष फोनवर हसले. "तुळश्या, तुझं यंत्र भित्रं आहे. हरभरा फुलात आलाय, पाण्याची एक पाळी होऊ दे."

मोबाइलवर मतं पडली. हो अकरा, नाही दोनशे चार.

"खालच्या वस्तीचं एकही मत नाही," तुळशीराम म्हणाला.

"त्यांना कालव्याचं पाणी नाही," धरण म्हणालं, "म्हणून मतही नाही."

त्या वस्तीत त्याची बहीण राहायची. त्यानं फोन लावला. "चंद्रे, पोरांना घेऊन टेकडीवर जा. आत्ता."

"भोंगा वाजला की निघतोच की, दादा. ठेवते, दूध उतू चाललंय."

भोंगा दार उघडलं तरच वाजायचा.

धरणानं चौथ्यांदा विचारलं.