फोमवरचा डाग

स्पीकरच्या जाळीवरचा फोम विटून गेला होता आणि मधोमध तेलकट डाग पडला होता. दिवाळीला पाहुणे येणार, म्हणून वसुधाने त्याला काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले.

तिच्या वडिलांचे, अप्पांचे, कान पार गेले होते. तरी संध्याकाळी आईने गायलेल्या भजनांची कॅसेट लावायला सांगून ते डोळे मिटून स्पीकरवर हात ठेवून बसत. आई गेल्यापासूनची सवय, एवढंच वसुधा समजत आली होती.

रंग वाळल्यावर तिने कॅसेट लावली. अप्पांनी फोमवर तळहात टेकवला, जरा सरकवला, पुन्हा दाबून पाहिला.

"आज हिचं भजन लावलं नाहीस का गं?"

कॅसेटवर आई तर गात होती. वसुधाने फोम चाचपला. रंग पिऊन तो लाकडासारखा कडक झाला होता आणि ती ज्याला डाग समजली, ती अप्पांच्या तळहाताची रोजची जागा होती.

तिने स्क्रूड्रायव्हरने जाळी उचकटली आणि अप्पांचा हात धरून आतल्या थरथरत्या कागदी पडद्यावर अलगद ठेवला.

अप्पांचा चेहरा हळूहळू सैलावला.

"उशीर केलास आज," ते म्हणाले.

हे ते वसुधाला म्हणत नव्हते.