उजवी बाजू

"अहो, रंगाला पुन्हा फोड आलेत," बायको बोटीच्या पलीकडून म्हणाली.

मास्तरांनी काचपेपर खाली ठेवला. उठताना गुडघे कुरकुरले. "तुझ्याही बाजूला?"

"तुमच्यापेक्षा जास्तच."

सलग तिसरं वर्ष. शिडाची बोट किनाऱ्यालगतच्या बोटदुरुस्तीच्या आवारात ठोकळ्यांवर उभी होती. नवं शीड शिवून झालं होतं, पाण्याची टाकी बसली होती, झोपायच्या फळ्यांना गाद्यासुद्धा झाल्या होत्या. अडलं होतं ते रंगापाशी. डावी बाजू मास्तर रंगवायचे, उजवी बायको. पहिल्या दिवसापासून ही वाटणी.

शाळेतून निवृत्त झालो की वर्षभर समुद्रावर फिरू, असा शब्द मास्तरांनी लग्नानंतर दिला होता. बायकोनं लगेच स्वयंपाकघरात नकाशा टांगला. तीस वर्षं तो तिथंच होता. पुढे निवृत्ती आली, बोटही आली, पण तोवर मास्तर पार थकून गेले होते. त्यांना आता कुठ्ठं म्हणून जायचं नव्हतं. आपली खुर्ची, दुपारची डुलकी, बस्स. पण त्या नकाशासमोर हे बोलायचं कुठल्या तोंडानं? छे! तीस वर्षं वाट बघितलेल्या बाईचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

म्हणून त्यांनी मुकाट्यानं एक मार्ग काढला. रंग द्यायच्या आधी डाव्या बाजूच्या लाकडावर नळाचं मगभर पाणी मारायचं, वरवर पुसायचं आणि ओल जिरायच्या आत रंग फासून मोकळं व्हायचं. महिन्याभरात फोड. मग खरवडा, वाळवा, पुन्हा रंगवा. तेवढ्यात वाऱ्याचा हंगाम उलटायचा. अंग आंबून जायचं, पण वर्षभराची सुटका व्हायची.

उजव्या बाजूच्या फोडांचं त्यांना नवल वाटत नव्हतं. बायकोचा हातच कच्चा. बिचारी रोज त्यांच्या आधी तासभर येऊन बसायची, पाय धुवायला म्हणून समुद्राच्या पाण्याची बादली भरून आणायची. केवढी ती हौस! मास्तरांना मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"यंदाही राहिलंच म्हणायचं," बायकोनं सुस्कारा सोडला. "परसात लिंबाचं रोप तरी लावते. तीन वर्षांत फळ धरेल."

"आणि आपण निघालो की त्याला पाणी कोण घालणार?"

"बघू हो तेव्हाचं तेव्हा."

यंदा मात्र आवाराच्या मालकाला राहवलं नाही. त्यानं आपला जुना रंगारी पाठवला. चाळीस वर्षं बोटी रंगवलेला माणूस. आल्या आल्या त्यानं पात्याच्या टोकानं डावीकडचा एक फोड उघडला.

"लाकूड ओलं असताना रंगवलंय. मास्तर, घाई नडली."

"झाली असेल बुवा," मास्तर म्हणाले.

"वाळवलं नीट की पंधरा दिवसांत बोट पाण्यात. मी स्वतः उभा राहतो."

पंधरा दिवस! मास्तर ठोकळ्यावर टेकले. बायको काही बोलली नाही. आनंदानं वाचा बसली असेल, त्यांना वाटलं.

रंगारी उजवीकडे गेला. तिथला फोड त्यानं उघडला, आत बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"हे काही निराळंच दिसतंय. इथं नुसती ओल नाही. लाकडात मीठ मुरलंय. कुणी रोज समुद्राचं पाणी ओतत बसल्याशिवाय असं होत नाही."

मास्तरांनी तीन वर्षांत त्या बाजूला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

ती दूर समुद्राकडे बघत होती, आणि पायानं हळूहळू बादली बोटीखाली सरकवत होती.